मॅनेजरने सही केलेला भाडेकरार मालकावर बंधनकारक असतो का? महाराष्ट्रात पहिल्यांदा घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी

पुण्यातली भाड्याची सदनिका सोडताना किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, असे मी विचारले, तेव्हा परदेशात राहणाऱ्या मालकांचा फोनवर संदेश आला : "त्या करारावर माझी सही नाही. मॅनेजरने काय कबूल केले ते त्यालाच विचारा." मी सोलापूरहून नोकरीसाठी आले होते आणि अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार करून त्या घरात २२ महिने राहिले होते. दोन्ही करारांवर मालकांच्या वतीने मॅनेजरची सही होती. रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ६०,००० रुपये डिपॉझिटपैकी ४०,००० मालकांच्या खात्यात आणि २०,००० मॅनेजरच्या खात्यात गेले होते. आता मालक रंगकामाचे २५,००० कापणार होते, मॅनेजरकडे गेलेल्या २०,००० ची जबाबदारी घेणार नव्हते, आणि मॅनेजर ते काम सोडून गेला होता. म्हणजे माझ्या हातात १५,००० रुपये येणार होते.

पुढच्या चार महिन्यांत मी जे शिकले ते करार करण्यापूर्वी माहीत असते, तर हा प्रसंगच आला नसता. म्हणून भाडेकरूने कोणत्या क्रमाने काय तपासावे ते इथे लिहिते आहे.

१. समोरचा माणूस नेमका कोण आहे, ते आधी ठरवा

घर दाखवणारा प्रत्येक जण मालकाच्या वतीने करार करू शकत नाही. दलाल दोन पक्षांची गाठ घालून देतो, दलाली घेतो आणि त्याचे काम तिथे संपते. केअरटेकर किल्ल्या सांभाळतो. मॅनेजर, मग तो एकटा माणूस असो किंवा घरे सांभाळणारी कंपनी, भाडे गोळा करतो, दुरुस्त्या करून घेतो आणि काही वेळा करारही करतो. कुलमुखत्यार म्हणजे मालकाने लेखी कुलमुखत्यारपत्र देऊन ठरावीक कामांसाठी नेमलेली व्यक्ती. मालकाचा भाऊ, सासरे किंवा मुलगा यांपैकी कोणीही केवळ नात्यामुळे कुलमुखत्यार होत नाही, आणि हा गैरसमज फार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

दलाल महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक दाखवत असेल, तरी त्यावर विसंबू नका. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. तुमच्या मालकाने त्याला भाडेकरार करण्याचा अधिकार दिला आहे की नाही, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

२. अधिकार कुठून येतो, ते समजून घ्या

हा भाग थोडा लांब आहे, पण पुढचे सगळे यावर उभे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या १८२ ते २३८ या कलमांत एजंट आणि त्याला नेमणारी व्यक्ती यांचे संबंध सांगितले आहेत. पुढे कायद्याचे नाव न घेता नुसता कलमाचा क्रमांक दिला असेल, तर तो याच अधिनियमाचा समजा. कलम २२६ नुसार एजंटने त्याला दिलेल्या अधिकारात राहून केलेला करार मालकाने स्वतः केल्यासारखाच त्याच्यावर बंधनकारक असतो. त्यामुळे "माझी सही नाही" एवढे म्हणून मालक सुटत नाही. खरा प्रश्न असतो तो अधिकार होता का, हा, आणि तो चार प्रकारांनी सिद्ध होऊ शकतो.

पहिला प्रकार लेखी किंवा तोंडी शब्दांनी दिलेल्या अधिकाराचा. दुसरा वागण्यातून दिसणाऱ्या अधिकाराचा. कलम १८७ मध्ये याचे एक जुने उदाहरण आहे. मालक कलकत्त्याला राहतो, त्याचे दुकान श्रीरामपूरला आहे, आणि दुकान सांभाळणारा माणूस मालकाच्या नावाने नेहमी माल मागवून मालकाच्याच पैशांतून, मालकाच्या माहितीने, त्याची किंमत चुकवतो. असा माल मागवण्याचा अधिकार त्याला आहे, असे कायदा मानतो. कलकत्त्याच्या जागी दुबई आणि दुकानाच्या जागी सदनिका ठेवली, की आपलीच परिस्थिती डोळ्यांसमोर येते.

तिसरा प्रकार कलम २३७ चा. मॅनेजरला अधिकार आहे, असा समज मालकाने स्वतःच्या शब्दांनी किंवा वागण्याने तुमच्या मनात निर्माण केला असेल, तर प्रत्यक्षात अधिकार नसला तरी मालक बांधला जातो. "भाडे अमुकपेक्षा कमी घेऊ नकोस" अशी सूचना मालकाने मॅनेजरला खासगीत दिली असेल आणि तुम्हाला तिची कल्पना नसेल, तर ती सूचना तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. मात्र तो समज मालकाच्या वागण्यातून निर्माण झालेला असावा लागतो. "मालकांनी सगळे माझ्यावर सोपवले आहे", असे मॅनेजरने शंभर वेळा सांगितले, तरी तेवढ्याने मालक बांधला जात नाही.

चौथा प्रकार मागाहून दिलेल्या मान्यतेचा, म्हणजे कलम १९६ ते २०० चा. अधिकार नसताना केलेला करार मालकाला नंतर मान्य करता येतो, आणि ही मान्यता वागण्यातूनही दिसू शकते. कराराप्रमाणे आलेले भाडे तो महिनोन् महिने स्वीकारत राहिला, तर त्याने करार मान्य केला असे म्हणायला जागा मिळते. कलम १९९ सांगते, की व्यवहाराचा एक भाग मान्य केला की संपूर्ण व्यवहार मान्य केल्यासारखा होतो. भाडे ठेवून घेऊन रंगकामाचे कलम तेवढे नाकारता येत नाही. पण कलम १९८ चीही दखल घ्या. मालकाला महत्त्वाच्या गोष्टी माहीतच नसतील, तर त्याची मान्यता ग्राह्य धरली जात नाही. म्हणून कराराची प्रत मालकापर्यंत पोहोचल्याचा पुरावा तुमच्याकडे असणे फार मोलाचे ठरते.

३. कुलमुखत्यारपत्र ओळ न् ओळ वाचा

मॅनेजर सही करणार असेल, तर कुलमुखत्यारपत्राची मूळ प्रत पाहायला मागा आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. मी ते मागितले नाही, कारण मागणे उद्धटपणाचे वाटेल, अशी मला भीती वाटली. हा संकोच पूर्णपणे बाजूला ठेवा. प्रामाणिक मॅनेजर पत्र लगेच पुढे करतो.

वाचताना आधी पाहा, की घर कोणाकोणाच्या नावावर आहे आणि पत्र कोणी कोणी दिले आहे. सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावावर आणि पत्र एकट्या पतीचे, असे वारंवार घडते. मग त्यात कोणते अधिकार दिले आहेत ते शब्दशः वाचा, कारण न्यायालये कुलमुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. "सदनिकेची देखभाल करणे, कर भरणे, सोसायटीच्या सभेस हजर राहणे" एवढेच लिहिले असेल, तर त्यातून घर भाड्याने देण्याचा अधिकार निघत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणारा नेहमीचा भाडेकरार) करणे, त्यावर सही करणे, तो नोंदवणे, डिपॉझिट स्वीकारणे आणि परत करणे हे शब्द स्वतंत्रपणे असायला हवेत. "डिपॉझिट स्वीकारणे" हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित करते आहे, कारण नेमके तेच अनेक पत्रांत नसतात. पत्राला मुदत घातली आहे का आणि भाड्याच्या कालावधीवर मर्यादा आहे का, हेही बघा. ११ महिन्यांपर्यंतचाच अधिकार असताना मॅनेजरने ३६ महिन्यांचा करार केला, आणि अधिकारातला भाग अधिकाराबाहेरच्या भागापासून वेगळा काढता येत नसेल, तर कलम २२८ नुसार मालक तो संपूर्ण व्यवहार नाकारू शकतो.

पुढचा सापळा नोटरीचा आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ३३ नुसार, मालक भारतात राहत असेल, तर दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचे कुलमुखत्यारपत्र त्याच्या राहत्या भागातल्या दुय्यम निबंधकासमोर किंवा निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. मालक भारताबाहेर राहत असेल, तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर केलेले चालते, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. नागपूरला राहणाऱ्या मालकाचे नुसते नोटरी केलेले पत्र कोणी दाखवले, तर तिथेच थांबा आणि विचारा.

४. ही कागदपत्रे जमवा

- मालकीचा पुरावा : सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), किंवा सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि मालमत्ता कराची चालू पावती. इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते.
- कुलमुखत्यारपत्राची प्रत आणि ज्याच्या नावाने ते दिले आहे त्याचे ओळखपत्र. मॅनेजर कंपनी असेल, तर सही करणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनीने दिलेले अधिकारपत्र वेगळे मागा.
- मालकाचे पॅन, पत्ता, ईमेल आणि बँक खात्याचा तपशील.
- नोंदणीकृत कराराची प्रत.
- प्रत्येक रकमेची पावती किंवा बँकेतली नोंद.

५. मालकाशी एकदा तरी थेट, लेखी संपर्क साधा

मला सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला, आणि तीही योगायोगाने माझ्या हातून घडली होती. राहायला आल्यानंतर दुसऱ्या महिन्यात सोसायटीने गाडीच्या स्टिकरसाठी कराराची प्रत आणि मालकांची हरकत नसल्याचे पत्र मागितले. मॅनेजर फोन उचलत नव्हता, म्हणून सोसायटीच्या वहीतून मालकांचा ईमेल मिळवला आणि कराराची आठही पाने स्कॅन करून पाठवली. "करार पाहिला. सोसायटीला द्यायला हरकत नाही," असे दोन ओळींचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. मालकांना करारातली कलमे माहीत होती, हे पुढे त्या दोन ओळींनी दाखवून दिले.

तुम्ही हे योगायोगावर सोडू नका. पैसे देण्यापूर्वी मालकाला असा ईमेल पाठवा : "आपली अमुक सदनिका मी अमुक तारखेपासून दरमहा इतक्या भाड्याने आणि इतक्या डिपॉझिटवर घेत आहे. आपल्या वतीने श्री. अमुक करारावर सही करणार आहेत. कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. हे आपणास मान्य असल्याचे कृपया कळवावे." मालकाचा ईमेल किंवा फोन नंबर द्यायला मॅनेजर कोणत्याही परिस्थितीत तयार नसेल, तर ते घर कितीही आवडले तरी सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

६. करारात नाव मालकाचे हवे, आणि नोंदणी हवीच

लायसन्सर, म्हणजे घर देणारा, म्हणून मालकाचे पूर्ण नाव आणि पत्ता असावा, आणि त्यापुढे "यांच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून" असे लिहून मॅनेजरचे नाव व पत्राची तारीख नमूद व्हावी. करारात मालकाचे नाव उघडच केले नसेल, तर कलम २३० नुसार मॅनेजर व्यक्तिशः जबाबदार असल्याचे गृहीत धरले जाते. हे ऐकायला बरे वाटते, पण गायब झालेल्या माणसाकडून पैसे वसूल करणे किती कठीण असते, ते मी अनुभवले आहे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे मलाही सांगण्यात आले आणि मी मुद्रांकावर नोटरी केलेल्या कागदावर समाधान मानले. महाराष्ट्रात हे चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. ही तरतूद माझ्या बाजूने उभी राहिली. तरीही नोंदणी झाली असती, तर मॅनेजरचे अधिकारपत्र त्याच वेळी तपासले गेले असते आणि वाद इतका लांबलाच नसता.

खर्चाची भीती बाळगू नका. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. दरमहा १८,००० भाडे, ६०,००० डिपॉझिट आणि दोन वर्षांची मुदत धरली, तर ४,३२,००० अधिक १२,००० म्हणजे ४,४४,००० रुपयांवर १,११० रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. आधारच्या साहाय्याने घरबसल्या ई-नोंदणीही करता येते.

७. पैसे कोणाच्या खात्यात जातात, तिकडे लक्ष ठेवा

ज्याला मालकाच्या वतीने पैसे घेण्याचा अधिकार आहे, त्याला पैसे दिले की तुमची देणेदारी फिटते. मग त्याने ते मालकापर्यंत पोहोचवले नाहीत, तरी तो त्या दोघांमधला प्रश्न राहतो. हे तत्त्व कलम २२६ च्या उदाहरणातच आहे. पण अधिकार सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा तुमच्यावर येते, म्हणून डिपॉझिट शक्यतो मालकाच्याच खात्यात भरा. ते मॅनेजरकडे द्यायचे ठरले असेल, तर ती रक्कम, खाते क्रमांक आणि "परत करण्याची जबाबदारी मालकाची राहील" हे वाक्य करारात घालून घ्या. रोख रक्कम देऊ नका. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाड्यातून करकपात करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि पैसे मॅनेजरमार्फत गेले तरी ती टळत नाही. याबाबत पहिल्याच महिन्यात कर सल्लागाराला विचारा.

८. राहत असताना काय बदलते, त्याची नोंद ठेवा

मॅनेजरने तोंडी दिलेली सवलत त्याच दिवशी ईमेलने मॅनेजर आणि मालक दोघांना कळवा. मालकाने मॅनेजरला कामावरून काढले, पण तुम्हाला कळवले नाही, तर कलम २०८ नुसार तुम्हाला कळेपर्यंत तुमच्यापुरता त्याचा अधिकार चालू राहतो. "तो आता आमचा माणूस नाही" असा निरोप मिळाला, की त्या क्षणापासून त्याला एक रुपयाही देऊ नका. मालकाचे निधन झाले, तर अधिकार संपतो; ही बातमी कळल्यावर पुढचे भाडे वारसांशी बोलून, लेखी घेऊनच द्या.

घर रिकामे करण्याची नोटीस मॅनेजरने पाठवली, तर ती देण्याचा अधिकार त्याला होता का, हे तपासा. कलम २०० मध्ये नेमके हेच उदाहरण आहे : तीन महिन्यांच्या नोटिशीवर संपणाऱ्या भाडेपट्ट्यात अधिकार नसलेल्या माणसाने नोटीस दिली, तर मालकाने ती मागाहून मान्य करूनही ती भाडेकरूवर बंधनकारक होत नाही. मात्र कराराची मुदत संपल्यावर याचा आधार घेऊन बसून राहू नका. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्या लायसन्सीकडून, म्हणजे घर घेणाऱ्याकडून, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत घराचा ताबा आणि दुप्पट दराने भरपाई घेता येते.

९. मालकाने हात झटकले, तर

भांडण फोनवर करू नका. मालक आणि मॅनेजर दोघांच्या पत्त्यावर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने एकच पत्र पाठवा. त्यात कराराची तारीख, भरलेल्या रकमा, मालकाने करार मान्य केल्याचे पुरावे आणि मागणी हे सगळे क्रमाने लिहा. मॅनेजरलाही त्यात ओढण्याचे कारण असे, की मालकाने अधिकार नव्हता असे सिद्ध केले आणि व्यवहार मान्य केला नाही, तर खोटा अधिकार सांगणाऱ्याकडून कलम २३५ नुसार नुकसानभरपाई मागता येते. दोन्ही दारे उघडी ठेवा.

मी त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अनेक जणींना माहीत नसते. माझे प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच तडजोड घडवणाऱ्या, लोकअदालतीत ठेवले गेले. मालकांच्या वतीने त्यांचे भाऊ आले आणि त्यांचे अधिकारपत्र मी बसण्याआधीच पाहून घेतले. वकिलांनी तो दोन ओळींचा ईमेल आणि २२ महिन्यांच्या भाड्याच्या बँक नोंदी टेबलावर ठेवल्या. स्वयंपाकघरातल्या तुटलेल्या ट्रॉलीचे ५,००० रुपये मी मान्य केले आणि ५५,००० परत मिळाले. तडजोड झाली नसती, तर लघुवाद न्यायालयात दावा करावा लागला असता, आणि त्याला वेळ व खर्च दोन्ही लागले असते.

१०. तुम्ही स्वतः मालक असाल, तर

थोडक्यात लिहिते. मॅनेजरला दिलेले अधिकार कागदावर मोजून द्या, कमाल मुदत आणि डिपॉझिट घेण्याची मर्यादा त्यात लिहा, आणि प्रत्येक कराराची प्रत आठ दिवसांत मागवा. प्रत वाचल्यावर एखादे कलम मान्य नसेल, तर पहिले भाडे स्वीकारण्यापूर्वी भाडेकरूला लेखी कळवा. मॅनेजर बदललात, तर भाडेकरू आणि सोसायटी या दोघांनाही त्याच दिवशी कळवा, आणि कुलमुखत्यारपत्र नोंदवलेले असेल, तर ते रद्द केल्याचा दस्तही नोंदवा.

११. किल्ल्या परत देताना

किल्ल्या घेणाऱ्याचे नाव, तो कोणाच्या वतीने घेतो आहे, तारीख, वेळ, विजेच्या मीटरचे वाचन आणि किल्ल्यांची संख्या यांची पावती घ्या, तिचा फोटो त्याच वेळी मालकाला पाठवा, आणि डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या खात्यात परत करणार, ते त्याच पावतीवर लिहून घेतल्याशिवाय शेवटची किल्ली हातातून सोडू नका.